मागून आलेली ओ

१

शेतातली तूर पिवळी पडू लागली आणि बाजारात भरताच्या वांग्यांचे ढीग दिसले, की रविवार घरात काढायचा नाही, असा मधुकररावांच्या घरचा शिरस्ता होता. एखाद्या रविवारी बोर धरण, एखाद्या रविवारी पवनारला धाम नदीचा काठ, कधी गिरडची टेकडी, आणि तिळी चतुर्थीला केळझरचा गणपती ठरलेला. त्यांचा मुलगा किशोर समुद्रपूरला कचेरीत नोकरीला होता. "माह्या कचेरीच्या गावाच्या नावातच समुद्र आहे, आणखी कोणता पाहा लागते?" हा त्याचा दरवर्षीचा विनोद होता आणि दरवर्षी त्यावर तो एकटाच हसायचा.

यंदाची सुरुवात पारडीच्या तलावापासून झाली. गोपिकाबाईंचा गुडघा सुजला होता म्हणून त्या हिंगणघाटला घरीच राहिल्या. गाडी निघताना ओट्यावरून त्यांनी नवऱ्याला बजावलं, "निघतानी पोरीले हाक मारजा. तुमचं काई खरं नाई, इसरून जासान."

तिकडची रीतच तशी. लहान लेकरू पाण्यावर नेलं, की परत निघताना घरातल्या मोठ्या माणसाने पाण्याकडे तोंड करून त्याचं नाव घ्यायचं, 'चल घरी' म्हणायचं, आणि लेकराने 'आली' म्हणून ओ द्यायची. का, ते कोणी सांगत नसे. गोपिकाबाई तर अशी हाक मारायच्या की पलीकडच्या शेतातली माणसं मान वर करायची.

दिवस छान गेला. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले, राख झटकून तुपात बुडवले, वांग्याच्या भाजीने सगळ्यांच्या नाकातून पाणी काढलं. जेवण झाल्यावर नात गुंजन आपल्या आईबरोबर, छायाबरोबर, शिंपले वेचायला वळसा घालून पलीकडच्या काठावर गेली. आठ वर्षांची पोर, पिवळा स्वेटर, लांबून झेंडूच्या फुलाएवढी दिसत होती. मधुकररावांनी इकडून हाक मारली. तिने हात हलवला, आणि "ओऽ आबाजी" मागाहून पोचलं.

"पाह्यलं? आधी हात दिसला, मग आवाज आला," ते किशोरला म्हणाले. "उजेड लवकर येतो, आवाज रेंगाळतो."

"हो बाबा," किशोर तोंडातल्या रोडग्यासकट म्हणाला.

निघायच्या वेळी कॉलेजच्या पोरापोरींचा एक घोळका मोठा स्पीकर घेऊन येऊन बसला. त्यातली एक येऊन मधुकररावांच्या पाया पडली. तिच्या वडिलांना त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. "सर, बाबा अजून तुमच्या शेवाळाच्या गोष्टी सांगतात," ती म्हणाली. आता या पोरांदेखत शेवाळावर पीएच.डी. केलेल्या माणसाने पाण्याकडे तोंड करून 'चल घरी' म्हणून ओरडायचं? गुंजन तर केव्हाची गाडीत बसून काचेवर नाक दाबत होती. मधुकरराव पाण्याकडे वळले, मनातल्या मनात तिचं नाव घेतलं, आणि गाडीत बसले.

"मारली का हाक?" घरी पोचताच गोपिकाबाईंनी विचारलं.

"मारली. मनातल्या मनात."

"असं का? मंग आज जेवा बी मनातल्या मनात."

सगळे हसले. गुंजनही हसली असेल. त्या गलक्यात कोणाच्या लक्षात आलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकरराव पुढच्या खोलीत पेपर उघडून बसले होते. चष्मा नेहमीप्रमाणे जागेवर नव्हता.

"गुंजन, चष्मा दे गं बाई."

मधल्या खोलीतून गुंजन आली, चष्मा त्यांच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. दोन वेण्या, एक घट्ट, एक सैल. तोंड मिटलेलं. आणि मग मधल्या रिकाम्या खोलीतून तिचा आवाज आला, "आली आबाजी."

त्यांनी दाराकडे पाहिलं. पलंगावर कपड्यांचा ढीग होता. पंखा बंद होता. पोर समोर उभी होती.

"काय झालं?" तिचे ओठ हलले. ते शब्द मात्र ती वळून आत गेल्यावर त्यांच्यापर्यंत आले.

मधुकररावांनी आधी स्वतःवर संशय घेतला. हे काम त्यांना चांगलं जमायचं. जन्मभर त्यांनी गॅस बंद केला का ते पुन्हा जाऊन पाहिलं होतं, उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर परत तपासल्या होत्या. त्यांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. मग ते काढून खिशात टाकलं आणि उघड्या कानाने हाक मारली. आवाज बारीक झाला, पण आला मागाहूनच.

३

"बाबा, तुमची मशीन बदला," किशोर म्हणाला. "मोबाइलच्या व्हिडिओत नाई का होत, ओठ आधी चालते अन् आवाज मागून येते. तसं तुमचं झालं."

"मग तुझा आवाज बरोबर कसा येतो? छायाचा कसा येतो?"

"आम्ही बोंबलतो म्हणून."

छाया भाजी निवडत होती. ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, ते पोरगी टीव्ही पाहत राह्यते. ध्यानच नसते तिचं. मी बी हाका मारून थकते, मंग कुठी ओ देते."

हे ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ध्यान नसलेलं मूल उशिरा ओ देतं, पण ओ देताना त्याचे ओठ हलतात.

त्या आठवड्यात ते घरात नुसते कान देऊन वावरले. स्वयंपाकघरातला आवाज कसा असतो, तो ओट्याला, डब्यांना, फरशीला लागून येतो. मधल्या खोलीतला आवाज गादीत थोडा मुरतो. गुंजनचा आवाज कशालाच लागत नव्हता. चारी बाजूंनी भिंती असताना तो उघड्यावरून यावा तसा यायचा, पातळ, पसरलेला, कडा नसलेला. अभ्यासाला बसून ती पाढे म्हणायची; ओठ थांबायचे, वही मिटायची, ती खेळायला पळायची, आणि रिकाम्या सतरंजीवर उरलेले पाढे चालू राहायचे.

एकदा त्या आवाजाच्या मागे, तलावाकाठी ओरडते तशी, टिटवी ओरडली. त्यांच्या गल्लीत कुत्री होती, कबुतरं होती, दोन कोंबड्या होत्या. टिटवी नव्हती.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ओ दिवसेंदिवस जास्त उशिरा यायला लागली. पोर घरात होती, जेवत होती, वजनाने मांडीला कळ लावत होती. पण तिचं जे काही ओ देत होतं ते लांब चाललं होतं. एक दिवस हाक मारू आणि ओ येणारच नाही, हे त्यांना इतकं स्वच्छ कळलं, की हातातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला. मग लगेच मनात आलं, म्हातारा झालास, डोकं तपासून घे.

४

तिळी चतुर्थीला सगळे केळझरला गेले. गोपिकाबाईही गुडघ्याला पट्टी बांधून आल्या. टेकडीवर ही गर्दी. नारळ, दुर्वा, तिळाचे लाडू, पायऱ्यांवर रांगेत बसलेली माणसं. मधुकरराव नातीचा हात सोडायला तयार नव्हते. "अजी, मोकळं सोडा तिले, देवळात कोण खाऊन राह्यलं?" गोपिकाबाई म्हणाल्या. त्यांनी सोडलं.

दर्शन झाल्यावर उतरताना गुंजन धावत सुटली आणि पायरीवर पडली. गुडघा चांगलाच सोलवटला. ती उठून बसली, तोंड आ करून उघडलं, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, छाती वरखाली झाली. आवाज नाही. भोवती घंटा वाजत होत्या, लोक जयजयकार करत होते, फुगेवाला पिपाणी वाजवत होता. छायाने गुडघ्यावर फुंकर घातली. "किती गुणाची पोर माही, रडली बी नाई," म्हणत तिने तिला लाडू दिला. मधुकररावांनी घड्याळात पाहिलं. त्यांना थांबून पाहायचं होतं.

गाडी टेकडीखालून निघाली, रस्त्याला लागली. गर्दी मागे पडली. दोन्ही बाजूला संत्र्याच्या बागा. गुंजन आईच्या मांडीवर बसून लाडूतले तीळ एकेक वेचून खात होती.

तेव्हा ते रडणं आलं. मागून, काचेबाहेरून, रस्त्यावर कोणी नसताना. लहान मुलीचं, दुखऱ्या गुडघ्याचं, 'आई गं' म्हणत हुंदके देणारं.

किशोरने गाडी हळू केली. "कोणाचं लेकरू रडून राह्यलं हो?"

"असंन कोण्या मजुराचं, बागेत," छाया म्हणाली. पण तिने मांडीवरच्या पोरीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि हिंगणघाट येईपर्यंत तिची नजर काचेकडे वळली नाही.

५

घरी आल्यावर गोपिकाबाई स्वयंपाकघरात गेल्या. मधुकरराव मागोमाग गेले आणि दाराशी उभे राहिले. बायकोसमोर उभं राहून त्यांना असं तोंडी परीक्षेला बसल्यासारखं फार वर्षांत वाटलं नव्हतं.

"बोला," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "काऊन तोंड पाडून उभे आहा?"

"तू ऐकलंस?"

"मी तर त्याच दिवसापासून आयकून राह्यली." त्यांनी गॅस बंद केला. "मले वाटलं, म्हातारपणानं मलेच तसं होते. तुम्हाले सांगतलं असतं तर तुम्ही मले नागपूरले डॉक्टरकडे नेलं असतं."

"आणि टिटवी?"

गोपिकाबाई वळल्या. त्यांचा चेहरा मधुकररावांनी इतका लहान झालेला कधी पाहिला नव्हता. "ते बी," त्या म्हणाल्या.

मधुकररावांना एक विचित्र सुटका वाटली, आणि तिच्या पाठोपाठ भीती. आतापर्यंत निदान आपण वेडे आहोत ही आशा होती.

"उद्या जाऊ," ते म्हणाले. "मी हाक मारतो. मोठ्याने."

"खरंच?"

"आपण चुकत असलो तर?" सवयीने त्यांच्या तोंडून गेलं.

"तर रोडगे खाऊन वापस येऊ."

किशोरने विरोध केला. शाळा बुडते, थंडी आहे, तुम्ही शिकलेला माणूस, बाबा, असं सगळं म्हणून झालं. मधुकररावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी नेणार आहे." इतकं सरळ वाक्य त्यांनी घरात क्वचितच उच्चारलं असेल, एरवी त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक 'बहुतेक' असायचा. किशोरने शेवटी हात झटकले; गाडी त्याला कचेरीत न्यायची होती. छायाने पिवळा स्वेटर काढून गुंजनच्या उशाशी ठेवला.

६

शेजारच्या शुभमची ऑटो सांगितली होती. पारडीच्या तलावाच्या उंच मातीच्या पाळीवर त्याने ती उभी केली आणि मोबाइलवर गाणं लावलं. "सर, आरामात या. मले काई घाई नाई." केळझरच्या पायऱ्यांनी गोपिकाबाईंचा गुडघा परत सुजला होता, पाळ उतरणं शक्य नव्हतं. त्या ऑटोच्या सावलीत उभ्या राहिल्या. मधुकरराव काठी टेकत, नातीचा हात धरून खाली पाण्याजवळ आले.

सकाळचं ऊन, वारा नाही. पाणी आरशासारखं. पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं. चिखलात शेवाळ वाळत होतं. दुसरा कोणताही दिवस असता तर त्यांनी वाकून ते बोटांवर घेऊन पाहिलं असतं.

गुंजनचा हात त्यांच्या हातात होता. गार, सैल, रुमालासारखा. ती काहीतरी बोलत होती. आवाज नव्हता. काल संध्याकाळपासून तिची एकही ओ घरात पोचली नव्हती.

"गुंजन," ते म्हणाले. लाज वाटली, इथे लाजायला कोणी नसताना. मग त्यांना आपले जुने वर्ग आठवले, मागच्या बाकावर झोपलेली पोरं आठवली. छाती भरून घेतली.

"गुंजन! चल घरी!"

हाक पाण्यावरून गेली. पाळीवर शुभमने गाणं बंद केलं.

"गुंजन! चल बाई घरी! आबाजी न्यायला आले!"

काही नाही. टिटवीसुद्धा गप्प. येत नाही, म्हणाला त्यांच्यातला जुना माणूस, आणि मुळात कोण येणार आहे? त्याला त्यांनी बोलू दिलं आणि त्याच्या आवाजावरून ओरडले. ओरडत राहिले. आवाज फाटला, खोकला आला, डोळ्यांना पाणी आलं. हात त्यांनी सोडला नाही. रात्र झाली तरी इथून हलायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि या ठरवण्यात कुठे शंकेला जागा आहे का हे त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, तपासून पाहिलं नाही.

पलीकडे काठाजवळ काहीतरी पिवळं हललं. झेंडूच्या फुलाएवढं. त्यांनी डोळे पुसेपर्यंत ते तिथे नव्हतं. फक्त पाण्यावर एक सुरकुती इकडे येत होती, वारा नसताना, सरळ, घाईने, शाळा सुटलेल्या पोरासारखी. ती त्यांच्या पायाशी येऊन चिखलात विरली.

हातातला हात गरम झाला. बोटं आवळली गेली.

"आबाजी, सोडा ना! केवढ्या जोरात धरता!"

ओठ हलले आणि आवाज आला. दोन्ही एकदमच.

"आली म्हण," ते पुटपुटले.

"आली. आली, आली, आली! मी केव्हापासून म्हणून राह्यली! तुम्हीच कोणी आयकत नाई!" आणि ती त्यांचा हात सोडवून पाळीकडे धावली. तिच्या चपलांचा फटफट आवाज चपलांबरोबरच चढावरून गेला. वर गोपिकाबाईंनी हात पसरले. गुंजनची बडबड, गोपिकाबाईंचं रडतरडत हसणं, सगळं त्यांना ऐकू येत होतं.

"काय सांगू तुला, बहुतेक जमलं," असं काहीतरी गोपिकाबाईंना म्हणायचं मनात घेऊन मधुकररावांनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि पाळीच्या दिशेने पाऊल टाकलं.

७

पाऊल पाण्यात पडलं.

त्यांनी मान वर केली. पाळ समोरच होती, पण मध्ये पाणी होतं. सगळा तलाव होता; ते पलीकडच्या काठावर उभे होते. पाळीवर ऑटो काड्यापेटीएवढी दिसत होती. तिच्याजवळ गोपिका, गुंजनचा पिवळा ठिपका, आणि चढावरून सावकाश वर जाणारा एक म्हातारा. त्यांचाच तपकिरी स्वेटर, त्यांचाच मफलर. काठी टेकत चालला होता. मधुकररावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हातात काठी नव्हती.

अंतर असेल, ऊन असेल, डोळ्यांचा दोष असेल. कारणं भराभर आली, शहाण्या विद्यार्थ्यांसारखी रांगेत उभी राहिली. त्यांनी एकालाही प्रश्न विचारला नाही. छाती भरून घेतली आणि हाक मारली. "गोपिका!"

तिकडे काहीच झालं नाही. म्हातारा ऑटोजवळ पोचला, चष्मा काढून मफलरने पुसू लागला. शुभमने ऑटो सुरू केल्याचा धूर दिसला. गोपिका म्हाताऱ्याशी काही बोलली. म्हाताऱ्याचे ओठ हलले. तिने गुंजनला आत बसवलं. स्वतः एक पाय आत ठेवला.

आणि थांबली.

आता पोचली असेल हाक. तिने वळून म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते मिटलेलं होतं. मग हळूहळू तिने मान पाण्याकडे फिरवली, आणि कपाळावर हात धरून पलीकडचा काठ शोधू लागली.

मधुकररावांनी दोन्ही हात वर केले.

तिने पाय खाली घेतला. ज्या गुडघ्याने तिला मघाशी वरच थांबवलं होतं त्या गुडघ्यावर, आडवी होत, गवत धरत, ती पाळ उतरू लागली. म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून वरून पाहत राहिला. ती पाण्याशी आली. चिखलात उतरली. पदर कमरेला खोचला.

काय करायचं ते तिला कळलं होतं, पोरीला त्यांनी मारली तशी नाव घेऊन हाक मारायची, आणि तेच करणं तिला किती जड आहे ते मधुकररावांना कळलं. लग्नाच्या दिवशी अल्लीपूरच्या मांडवात बायांनी दार अडवलं तेव्हा उखाण्यात तिने एकदा ते नाव घेतलं होतं, मान खाली घालून, घाईघाईने. त्यानंतर जन्मभर 'अजी', 'आयकलं का', 'गुंजनचे आबाजी'. रेशनच्या दुकानातसुद्धा नवऱ्याचं नाव विचारलं की ती शेजारणीला सांगायला लावायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं, आणि ते तिने कधी तपासून पाहिलं नव्हतं.

ती उभी होती. लहान, ताठ, पाण्यात घोट्यापर्यंत. तिने तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

तिचे ओठ हलले.

मधुकररावांनी श्वास रोखला. सगळं अंग कान करून ते उभे राहिले. आवाज अजून पाण्यावर होता.